दाखल्यावर सगळे गरीबच! मग खान्देशातली दरी मोजायची कुठे?

दाखलेवाला (धागाकर्ता)

यावल तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. जून-जुलैत शटर उघडायच्या आधीच पायरीवर पंधरा-वीस जण बसलेले असतात. बहुतेकांना एकच कागद हवा असतो, उत्पन्नाचा दाखला. कोणाला पोराच्या फीसाठी, कोणाला मुलीच्या वसतिगृहासाठी, कोणाला म्हातारीच्या निराधार योजनेसाठी.

गेल्या वर्षी एकाच दिवशी दोन दाखले लागोपाठ निघाले. पहिला बागायतदाराचा. वीस एकर केळी, दारात ट्रॅक्टर, शेजारी चारचाकी. वार्षिक उत्पन्न पंचाहत्तर हजार. दुसरा त्यांच्याच शेतातल्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा. वार्षिक उत्पन्न बहात्तर हजार. मालक आणि गडी यांच्यात कागदावर तीन हजारांचा फरक! मी दोन्ही प्रिंट काढल्या, दोघांकडून सारखेच पैसे घेतले. दोघंही एकाच मोटारसायकलवर बसून गेले.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे कुठे नोंदही नाही. तलाठी तरी आकडा आणणार कुठून? चुकीचं कोण वागलं हे मला इथे काढायचं नाही. मुद्दा असा की सरकारच्या सगळ्या योजना ज्या आकड्यावर चालतात, त्या आकड्यात गावातला सर्वात मोठा फरक दिसतच नाही.

हीच गंमत वरच्या मजल्यावरही आहे. मागे राहिलेल्या भागांकडे लक्ष जावं म्हणून १९९४ साली राज्यात तीन वैधानिक विकास मंडळं झाली. विदर्भाचं एक, मराठवाड्याचं एक, आणि उरलेल्या सगळ्यांचं मिळून तिसरं, नाव 'उर्वरित महाराष्ट्र'. म्हणजे मुंबई, पुणं, ठाणं आणि आपलं नंदुरबारच्या सातपुड्यातलं धडगाव एका पोत्यात. पोतं उचलून बघितलं तर भरलेलंच लागणार. २०२० च्या एप्रिलअखेर मंडळांची मुदतही संपली, पण 'उर्वरित' हा शब्द काही आपल्या कपाळावरून पुसला गेलेला नाही.

खान्देशवर अन्याय झाला म्हणून आपण सगळे बोलतो, मीही बोलतो. पण मुंबई-पुण्याची सरासरी आपल्याला जशी गिळते, तशीच जळगावची सरासरी नंदुरबारला गिळते आणि बागायतदाराची सालदाराला. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मागायचा तर आधी कोणाचा, हे ठरवा. तुम्हाला काय वाटतं?

केळीवाले_आप्पा

भाऊ, तुमच्या टेबलावर बसून शेतकरी श्रीमंतच दिसणार. रावेरला माझ्या बांधावर या, हिशोब दाखवतो.

एकरी पंधराशे खोडं. रोप, ठिबक, खत, मजुरी, वीज सगळं धरून खोडामागे सव्वाशे रुपये जातात. झाले एक लाख सत्त्याऐंशी हजार. बावीस किलोची रास (घडाचं सरासरी वजन) पडली तर एकरी तीनशे तीस क्विंटल. पंधराशेचा भाव मिळाला तर पाच लाखांच्या जवळ जातो, खर्च वजा जाता तीन लाख हाती. हे तुम्हाला दिसतं. भाव पाचशेवर आला की एक लाख पासष्ट हजार. म्हणजे वर्षभर राबून एकरी बावीस हजार घरातून घातले. दोन्ही भाव मी माझ्या डोळ्याने पाहिलेत. आणि फळ्यावर लिहिलेला भाव एक, व्यापारी बागेत येऊन देतो तो दुसरा. 'माल पातळ आहे आप्पा', 'बऱ्हाणपूरला याच्यापेक्षा कमीने मिळतोय', असली वाक्यं पाठ झालीत.

वरून मे-जूनची वावटळ. एका रात्रीत उभी बाग आडवी. कधी मोझॅकचा रोग आला की रोपं उपटून बांधावर फेका आणि परत लावा. बोअरचं पाणी कुठे गेलंय ते तुम्हालाही माहीत आहे, तुमचाच तालुका आहे.

वीस एकरवाला म्हणजे अंबानी नव्हे. तुमच्या त्या दाखल्यावरचे पंचाहत्तर हजार काही वर्षी खरेसुद्धा असतात!

भोंगऱ्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. आप्पा तापले.

पाटबंधारे_निवृत्त

धागाकर्त्यांचा हेतू चांगला, पण दिशा चुकली आहे. एक दुरुस्ती आधी. प्रादेशिक असमतोलासाठी वि. म. दांडेकर समिती १९८३ साली नेमली गेली, १९८४ ला अहवाल आला. त्या समितीने अनुशेष जिल्हावार काढला होता. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा, त्याचाच अनुशेष धरायचा, वर असलेल्याची वजाबाकी करायची नाही. एकूण ३,१८६ कोटी रुपये निघाला, त्यातले १,१८९ कोटी 'उर्वरित महाराष्ट्रा'च्या जिल्ह्यांचे होते. तेव्हा मुंबईने आपल्याला गिळलं हे मोजणीपुरतं तरी खरं नाही. गडबड पुढे झाली. मंडळं प्रदेशवार झाली, राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश प्रदेशवार आले, आणि प्रदेशाच्या आत पैसा कुठे गेला ते सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. मी तापी खोऱ्यात नोकरी केली. तापी आपल्या तिन्ही जिल्ह्यांतून वाहते आणि पुढे उकाईत जाऊन थांबते. उकाई धरण १९७२ ला पूर्ण झालं, त्यावर दक्षिण गुजरातची ऊसशेती उभी राहिली. आपल्याकडे अमळनेरजवळचं पाडळसे धरण पंचवीस वर्षांहून जास्त काळ रखडलं. आणि त्या पंचवीस वर्षांत आपले लोक कुठे गेले? उकाईच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला! पाणी इथे अडलं असतं तर मजूर इथेच राहिला असता आणि मजुरी आपोआप वाढली असती. आधी प्रदेशाला पाणी द्या, घरातलं वाटप मग बघू. मालक-मजूर असं भांडण लावलंत की मंत्रालयात एकच वाक्य ऐकू येईल, 'यांचं आपसातच ठरत नाही.'

सालदाराचा_पोर

'घरातलं वाटप मग बघू.' साहेब, हे वाक्य माझ्या आजोबांनीही ऐकलं होतं.

माझे वडील एकवीस वर्षं एकाच घरी साली होते, चोपडा तालुक्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं. अक्षय्य तृतीयेला बाकी लोक आमरस खातात, मुली झोके घेतात, आणि मालकाच्या ओट्यावर साल ठरतं. पैसे किती, दादर (ज्वारी) किती पोती, चपलांचा जोड, एक घोंगडी. २००४ साली वडिलांचं साल अठरा हजारांना ठरलं, ते मला आठवतं, कारण त्यातले अकरा हजार आधीच उचलीत (आगाऊ घेतलेल्या पैशांत) गेले होते. बहिणीचं लग्न झालं होतं.

यंदा त्याच गावात सव्वा लाखाला साल गेलं. हे वाढलं का? पाणी अडवलं म्हणून नव्हे, कोणाला दया आली म्हणूनही नव्हे. माझ्यासारखी पोरं चाकणला, सुरतला, नाशिकच्या सातपूरला निघून आली आणि मालकांना माणूस मिळेना, म्हणून वाढलं.

आप्पा, तुमचा हिशोब मला पटतो. खोटं बोलत नाही तुम्ही. पण एक सांगा, वावटळीत तुमची बाग आडवी झाली की तलाठी आणि कृषी सहायक येतात. पंचनामा होतो. उशिरा, कमी, रडतखडत, पण काहीतरी मिळतं. विमा उतरवला असेल तर तेही. त्याच बागेत कटाईला जाणारे दहा जण आणि फण भरणाऱ्या सहा बाया, त्यांचं पुढचं दोन महिन्यांचं काम त्याच रात्री आडवं झालेलं असतं. त्यांचा पंचनामा कोण करतं? पीएम किसानचे सहा हजार सात-बाऱ्यावर, नमो शेतकरीचे सहा हजार सात-बाऱ्यावर, विमा सात-बाऱ्यावर. माझ्या वडिलांनी एकवीस वर्षं जमीन कसली, नावावर गुंठा नाही. सरकारच्या लेखी ते शेतीत कधी नव्हतेच.

केळीवाले_आप्पा

हे मात्र खरं आहे. मजुराचा पंचनामा नसतो.

पण मग मजुरी पण ऐका. बायांची रोज वाढली, त्याबद्दल तक्रार नाही, पण काम अकराला सुरू आणि पाचच्या आत बंद. कापसाची वेचणी किलोला दहा रुपये. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, आणि हमीभाव मिळाला कोणाला, ते केंद्रावर रांगेत उभं राहिलेल्यांना विचारा. खेड्यावर व्यापाऱ्याने ज्या भावाने उचलला, त्यात सातवा हिस्सा नुसत्या वेचणीत. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल निघाला तर पस्तीस हजार, त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क काढून टाकलं. ऐन वेचणीच्या तोंडावर!

मी मजुराला गरीब ठेवतोय असं वाटत असेल तर सूतगिरणीला विचारा, ती मला काय ठेवते.

सराफ_गल्ली

मी जळगावचा, व्यवसाय नावावरून कळलाच असेल. थोडं कडू बोलतो.

दरी दरी काय करता? प्रश्न दरीचा नाही, गरिबीचा आहे. शेजाऱ्याकडे चारचाकी आल्याने माझी भाकरी कमी होत नाही. तीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानात पाटील-देशमुखच यायचे. आज आखाजीला सालदाराची बायको अर्ध्या ग्रॅमचे मणी घेऊन जाते, रोख देऊन. डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यांत, ठिबकच्या धंद्यात जे हजारो लोक कामाला लागले ते कोणीतरी श्रीमंत झाला म्हणूनच लागले ना? सगळे सारखे असते तर पगार कोणी दिला असता?

एखाद्याने कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून धंदा उभा केला तर तो पुढे जाणारच. त्याला दरी म्हणू नका.

सातपुड्याची_लेक

सराफ दादा, अर्ध्या ग्रॅमचे मणी घेणारी बाई तुमच्या दुकानापर्यंत पोहोचली, कारण ती चोपड्यात आहे. मी धडगाव तालुक्यात शिकवते. इथून थोडं लिहिते.

दिवाळी झाली की माझ्या वर्गातली निम्मी पोरं जातात. आई-बापाबरोबर ऊसतोडीला, गुजरातेत बारडोलीकडे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम खावटी देऊन ठेवतो, धान्य आणि रोकड. तिच्यावर व्याज चढतं, आणि हंगाम संपताना हिशोब होतो तेव्हा बऱ्याच घरांत हाती येण्यापेक्षा देणंच उरतं. मग पुढच्या वर्षीचा कोयता त्याच मुकादमाकडे. मधे फक्त होळीला येतात. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचा भोंगऱ्या बाजार कोणी चुकवत नाही. तेव्हा हजेरीपटावर दोन-तीन दिवस माझा वर्ग पूर्ण असतो.

उन्हाळ्यात आंबे सोलून फोडी वाळवतात, आमचूर करतात. इथलं आमचूर खूप लांब जातं. पण घराला छप्पर धड नाही, साठवायला जागा नाही, पहिला पाऊस दिसला की मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला देऊन मोकळे. भाव पाडायला व्यापाऱ्याला काही करावं लागत नाही. आभाळ भरून आलं की पुरतं.

सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली (म्हणजे आमच्याच धडगाव तालुक्यातली) तेहतीस गावं गेली. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरला होता. माझ्या शाळेच्या वरच्या पाड्यावर आजारी माणसाला अजून झोळी करून खाली आणतात.

शेजाऱ्याच्या चारचाकीने भाकरी कमी होत नाही म्हणता. पाणी गेलं, वीज गेली, जमीन गेली, ती कोणाच्या तरी भाकरीतच गेली ना?

आकडेमोड

मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो. दोन्ही बाजू आकड्यांशी जरा सैल वागताहेत, म्हणून.

सराफांच्या बाजूने आधी बोलतो. केंद्राच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२३-२४ साली ग्रामीण भारतात माणशी महिना खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी ६,९९६ रुपये निघाला. २०११-१२ ला शहराचा खर्च गावापेक्षा सुमारे ८४ टक्क्यांनी जास्त होता, तो फरक आता ७० टक्क्यांवर आला. खर्चातली विषमता मोजायचा जो गिनी गुणांक आहे (शून्य म्हणजे सगळे सारखे, एक म्हणजे सगळं एकाकडे), तो ग्रामीण भागात २०२२-२३ च्या ०.२६६ वरून एका वर्षात ०.२३७ वर उतरला. खर्चात तरी देशात दरी कमी होताना दिसते.

आता दुसरी बाजू. हा खर्चाचा आकडा आहे, उत्पन्नाचा नव्हे. श्रीमंत माणूस सगळं उत्पन्न खाऊन संपवत नाही. जमीन, सोनं, फ्लॅट घेतो, ते या पाहणीत येत नाही. गरीब माणूस कर्ज काढून खातो, तोही इथे 'खर्च करणारा' दिसतो! धडगावच्या ताईंनी लिहिलेली खावटी या पाहणीत चांगला खर्च म्हणूनच नोंदली जाईल. उत्पन्नाची मोजणी करायचा प्रयत्न पॅरिसचे अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली केला. त्यात २०२२-२३ ला देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. त्या मोजणीवर आक्षेप आहेत, कारण आपल्याकडे आयकर भरणारेच थोडे, शेती त्यात नाही, बाकीचं अंदाजाने भरावं लागतं. म्हणजे दाखलेवाल्यांच्या टेबलावरची अडचण पॅरिसपर्यंत पोहोचली आहे.

प्रदेशाबद्दल. नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबीच्या अहवालात (पाहणी २०१५-१६ ची) महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के लोक गरीब होते. नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त. तिथे पैसे मोजत नाहीत, शाळा, पोषण, संडास, चूल, घर असलं मोजतात. एकाच 'खान्देश' शब्दात हे सगळं बसवायचं म्हणजे तव्यावरचं आणि फ्रिजमधलं एकत्र करून 'कोमट आहे' म्हणण्यासारखं.

सुरतवाला

आम्हना नंदुरबारना टेंभली गावमा देशनं पयलं आधार कार्ड वाटं, २९ सप्टेंबर २०१०. ओळख सर्वास्नी आधी भेटनी, काम काय भेटनं नही भो!

(बाकीचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून.) मी लिंबायतमध्ये राहतो, सुरतेत. आमच्या गल्लीत अर्धे लोक शिंदखेडा, साक्री, अमळनेरचे. सकाळी दुधवालाही अहिराणी बोलतो. गेली अठरा वर्षं एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर आहे. बारा तासांची पाळी, महिन्याच्या पाळ्या बदलतात, दिवसाची-रात्रीची.

गावात माझे दोन एकर कोरडवाहू आहेत. दाखल्यावर मी शेतकरी, सुरतेत कारागीर, आणि दोन्ही सरकारांच्या यादीत अर्धाच. रेशन कार्ड गावाकडे, पोट इकडे.

निवृत्त साहेबांना एक सांगायचं होतं. पाणी आलं तर मी परत येईन का? माझ्या दोन एकरांत पाणी आलं तर येईन. कालवा वरच्या चाळीस एकरवाल्याच्या बांधावर संपला तर कशाला येऊ? त्याच्याकडे रोजाने जायला?

पाटबंधारे_निवृत्त

सुरतवाल्यांचा प्रश्न रास्त आहे आणि मला टोचला. प्रकाशा आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज झाले, पाणी अडलं, आणि ते वर शेतात चढवणाऱ्या उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून होत्या. काठावर उभं राहून पाणी बघायचं. ज्याची स्वतःची पाइपलाइन टाकायची ऐपत, त्याने पाणी नेलं. हे मी नोकरीत असताना पाहिलं आणि फाइलवर लिहिलंही.

तरी मत बदललं नाही. पाणीच नसेल तर वाटपाचा प्रश्नही उद्भवत नाही. आणि नुसतं पाणी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. एवढी जागा असून धुळं वाढलं नाही. मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राची मंजुरी मिळायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटी. हे प्रदेश म्हणून ओरडल्याशिवाय मिळत नाही. तुम्ही सालदाराचा प्रश्न घेऊन गेलात तर रेल्वे मिळणार नाही.

सालदाराचा_पोर

आणि रेल्वे मिळाली की सालदाराला काय मिळणार? पुण्याला जायला आणखी एक गाडी.

(रागावू नका साहेब, फाइलवर लिहिणारे कमीच असतात.)

भोंगऱ्या

एकदम बोचरं. आधी पॉपकॉर्न म्हटलं होतं, ते मागे घेतो.

माझं एकच. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची मिल. आमच्या आजोबांच्या पिढीला जमीन नव्हती तरी मिलमध्ये पाळी होती, भोंगा वाजला की घरात घड्याळ लागायचं, आणि महिन्याला पगार. साने गुरुजी त्याच गिरणी कामगारांसाठी झगडले. मिल गेल्या आणि भूमिहीन माणसाला गावात फक्त दुसऱ्याचं शेत उरलं. कोणत्याही अनुशेषाच्या यादीत बंद पडलेल्या मिल मी तरी वाचल्या नाहीत.

सराफ_गल्ली

मिलचा मुद्दा मान्य. माझे आजोबा मिलच्या पगाराच्या दिवशी दुकान रात्री दहापर्यंत उघडं ठेवायचे.

धडगावच्या ताई, तुमच्याशी वाद घालत नाही. पण तिथला प्रश्न सरकार पोहोचलं नाही हा आहे. त्यासाठी जळगावच्या व्यापाऱ्याला खाली ओढून काय होणार?

सातपुड्याची_लेक

कोणी कोणाला खाली ओढत नाहीये. आमचूर घ्यायला येतो तो व्यापारी मात्र आमच्यापर्यंत बरोबर पोहोचतो, घाट कितीही खराब असो. सरकारला रस्ता सापडत नाही आणि वजनकाट्याला सापडतो, एवढंच सांगते.

आणि जमिनीचं विसरू नका. शहाद्यात १९७२ च्या सुमाराला श्रमिक संघटना आणि अंबरसिंग महाराजांच्या मागे भिल्ल शेतमजूर उभे राहिले. मागणी दोनच गोष्टींची, मजुरी वाढवा आणि आमच्या हातून गेलेल्या जमिनी परत द्या. दुष्काळ होता तेव्हा. १९७४ ला आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा झाला. त्यांनी तेव्हा 'आधी खान्देश, मग आम्ही' असं म्हटलं असतं तर तो कायदा कधी झाला असता?

दाखलेवाला

दोन दिवस केंद्रात गर्दी होती, आज सगळं वाचलं.

आप्पा, तुमचा एकरी हिशोब मी वहीत उतरवून घेतलाय. दाखल्याचे पंचाहत्तर हजार काही वर्षी खरे असतात हे मी मानतो. पण मग वाईट वर्षी तुमच्याकडे काय असतं ते बघा. किसान क्रेडिट कार्ड, सोसायटी, बायकोचं सोनं, आणि शेवटी जमीन. सालदाराकडे तुम्ही असता. तो उचल तुमच्याकडूनच घेतो.

निवृत्त साहेब, तुमच्याशी अर्धा सहमत. दांडेकरांची मोजणी जिल्हावार होती हे मला माहीत नव्हतं, चूक कबूल. पण जिल्हा तरी एकसारखा कुठे आहे? शिरपूर आणि साक्री एकाच जिल्ह्यात. शहादा आणि धडगाव एकाच जिल्ह्यात, मधे एक घाट. अनुशेष तालुक्याने का मोजू नये? आणि तालुक्यातही जमीनवाला आणि बिनजमिनीचा असे दोन रकाने का नसावेत?

माझ्या केंद्रापासून फैजपूर जवळच. डिसेंबर १९३६ ला तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं. नेहरू अध्यक्ष. आपण त्याचा अभिमान सांगतो, शाळेत निबंध लिहितो. त्या अधिवेशनाने जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला त्यात खंड (कुळाने मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) आणि कर्ज कमी करण्याबरोबर एक कलम शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने मिळावी असंही होतं. खेड्यातल्या मांडवात, केळीच्या मुलखात, नव्वद वर्षांपूर्वी. आम्ही मांडव लक्षात ठेवला.

आकडेमोड

तालुकावार उत्पन्न काढायला तालुकावार नोंद लागते, ती नाही. जिल्हा उत्पन्नाचे आकडेसुद्धा बरेचसे वाटून काढलेले असतात, घरोघर विचारून नव्हे. आणि उत्पादन जिथे नोंदलं जातं, पैसा तिथेच राहतो असंही नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राचं उत्पादन जळगाव जिल्ह्याच्या खात्यात दिसतं, म्हणून वरणगावचा मजूर श्रीमंत होत नाही. उलट सुरतवाल्यांचा घाम गुजरातच्या उत्पन्नात मोजला जातो आणि त्यांनी गावी पाठवलेले पैसे कुठेच नाही.

सुरतवाला

घामले राज्य नही रहास, प्राध्यापक साहेब.

केळीवाले_आप्पा

इतकं बोललात तर काम सांगा. मजुराचा पंचनामा म्हणता, तो लिहायचा कोणी? आमच्याच पंचनाम्याला पंधरा दिवस लागतात.

दाखलेवाला

वही ठेवतो मी. साधी, दोनशे पानी. वावटळ झाली की आठ दिवसांत माझ्याकडे येऊन सांगायचं, कोणाच्या बागेत काम ठरलं होतं, किती दिवसांचं, रोज किती. सरकार मानणार नाही, माहीत आहे. पण पुढच्या वेळी तहसीलला निवेदन घेऊन गेलो तर हातात काहीतरी असेल. फक्त मालकाने खाली सही करायची, की हो, काम ठरलं होतं.

केळीवाले_आप्पा

माझ्या बागेची सही मी करतो. कटाईचे चार आणि बाया सात, नावं रविवारी पाठवतो. बाकीच्यांचं मला विचारू नका, आमच्या गावात अशी सही करायला सांगितली की लोक आधी विचारतील, पुढे आमच्यावर काही येणार तर नाही ना?

आणि पोरा, वडिलांना सांग, सव्वा लाखाच्या वर साल नेऊ नका. भाव पडलेत.

सालदाराचा_पोर

वडील सालातून सुटले आप्पा, आता धाकटा भाऊ साली आहे. सही आधी करा, सालाचं आखाजीला ओट्यावर बोलू.